बादल अक्षराशी थांबला

पुणे

प्रिय माय,

तुले आन बाबाले रेणुकाचा मनापासून जयभीम. मी मजेत हाय. मनगट जरासं मुरगळलं होतं, पण त्याच हातानं हे लिहून राह्यली, तवा काळजी नको करू. बाबाचा गुडघा चिखलीच्या डॉक्टरले दाखवला काय?

काल आमच्या घोडेस्वारी शाळेत ड्रेसाजची, म्हंजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायची, स्पर्धा सुरू झाली. मैदानाच्या कडेनं अक्षरं लावलेली असतात. घोडा दुडकीवरून थांबवायचा, तो असा की स्वार बरोबर अक्षरासमोर यावा. मी तीन पावलं उशिरा थांबली. मार्क गेले.

मंग आमच्या शिकवणाऱ्या शरयूमॅडम बादलवर आल्या. बादल म्हंजे शाळेचा म्हातारा घोडा, एका डोळ्यानं आंधळा. थांबायची जागा आली आन बाजूच्या मांडवाचा पत्रा धाडकन पडला. बादलचं अंग ताठ झालं. मॅडमनं लगाम ओढलाच नाही. सरळ बसून सावकाश श्वास सोडला, आन तो बरोब्बर अक्षराशी चारी पाय जुळवून उभा राह्यला. माय, माह्या डोळ्यात पाणीच आलं!

मी विचारलं, "मॅडम, माहा घोडा काऊन उशिरा थांबते?"

"तो उशिरा थांबत नाही, रेणुका. तू त्याला उशिरा सांगतेस. अक्षर यायच्या आधी सांग, मग त्याच्यावर विश्वास ठेव."

आज दुसऱ्या फेरीत तसंच केलं. दहापैकी आठ! मॅडमनं सगळ्यांसमोर बादलचा लगाम माह्या हातात दिला. म्हणाल्या, "नागपूरच्या स्पर्धेत याच्यावर तू बसायचं."

मी बादलच्या मानेले डोकं टेकवून उभी राह्यली.

तुमची आठवण काढणारी,
रेणुका