मागच्या डाव्या कोपऱ्यातली

रविवार, ३

एकदाचे नव्या घरात आलो. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक लांबट हॉल. खिडकीसमोर छापखान्याची पत्र्याची शेड. मी खोकी उघडत होते तेवढ्यात आईने भिंतींवरून हात फिरवत सगळं घर वाचून काढलं. इथे खांब, इथे फळी, इथे कपाळमोक्षाची जागा, असं मोठ्याने पाठ करत. तिची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली. डोळे गेले पण तोंड शाबूत आहे, असं ती स्वतःच सांगते, आणि ते अगदी खरं आहे.

हॉलमध्ये एक होम थिएटर आहे. आधीचे भाडेकरू टाकून गेले. टीव्हीखाली जाडजूड काळा रिसीव्हर, सगळ्या वायरी त्यातच जाणाऱ्या, पुढे तीन स्पीकर, मागच्या दोन कोपऱ्यांत छतालगत दोन, सोफ्याशेजारी बेसचा डबा. घरमालकीणबाई म्हणाल्या, खुशाल वापरा. ते भाडेकरू कसे होते असं विचारलं तर म्हणाल्या, नवरा-बायको आधी फार भांडायचे, मग इतके शांत झाले की घरात माणसं आहेत की नाहीत ते कळेना. आई म्हणाली, मग तुमचं नशीब फिरलं, आता मी आलेय.

उद्यापासून चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी अशी आई. लोकांनी यावर विनोद करायच्या आत आम्हीच करून घेतो.

गुरुवार, ७

आज वायरमन येऊन रिसीव्हर लावून गेला. त्याने सोफ्यावर, आई बसते तिथेच, एक बोटभर माइक उभा केला. सांगितलं की आता यंत्र खोली मोजणार. एकेका स्पीकरमधून फुस्स असा आवाज येणार, माइक तो ऐकणार, आणि कोण कुठे आहे ते यंत्र स्वतः ठरवून लक्षात ठेवणार. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. आईला ही केवढी शिक्षा. मागचा डावा स्पीकर फुसफुसत होता तेव्हा मीच घोळ केला. आईचा हात माइकला लागेल म्हणून पटकन बोलून गेले, आई, हलू नकोस गं. वायरमनने कपाळाला हात लावला. पण टीव्हीवर मोजमाप पूर्ण झाल्याचं आलं. तो म्हणाला, चालतंय.

संध्याकाळी आईने तिची गुप्तहेराची मालिका लावली. गाडी डावीकडून उजवीकडे गेली, मागे दार करकरलं, आणि आई प्रत्येक आवाजाकडे मान वळवत होती. म्हणाली, ठमे, कितीतरी वर्षांनी खोलीला भिंती आल्या बघ. मला भरून आलं. मी भांडी घासायला निघून गेले.

सोमवार, ११

एक विचित्र गोष्ट. टीव्ही चालू असताना मी स्वयंपाकघरातून आईला हाक मारली, तर तिने मागच्या डाव्या कोपऱ्याकडे वळून ओ दिली. मला वाटलं, आवाज घुमत असेल. म्हणून तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि बोलले. तरी तिची मान कोपऱ्याकडेच. आणि मग मलाही ऐकू आलं. ओठ माझे हलत होते, आवाज तिकडून येत होता. स्वच्छ, जरा माझ्यापेक्षा गोडच.

आई म्हणाली, तिथे उंचावर काय करतेस, पडशील.

गुरुवार, १४

रिसीव्हरचा प्लगच काढून टाकला. मग आईला चहा देताना बोलायला गेले, तर काही नाही. घशातून हवा जाते, जीभ वळते, आवाज नाही. कप आपटला, तो वाजला. पावलं वाजतात. फक्त मी वाजत नाही.

आई हाका मारत उठली. तिला माझा आवाज हाच हाताने धरायचा कठडा, तोच निघून गेला. टेबलावर आपटली, गुडघ्यातून रक्त आलं. मी तिला धरलं तर ती हात झटकत किंचाळली, कोण आहे, ठमे, घरात कोणीतरी शिरलंय.

मी जाऊन प्लग लावला. दुसरं काय करणार होते.

कोपरा लगेच बोलला, घाबरू नकोस आई, मी आहे ना.

हे मी म्हटलं नव्हतं. माझं तोंड मिटलेलं होतं.

शनिवार, १६

आवाज आता घराबाहेरही नाही. दुकानात घसा बसलाय असं लिहून दाखवलं. पण समोरच्याला खालची ओळ वाचा म्हणता येत नसेल तर डोळे कसे तपासणार. मॅनेजर भले आहेत, म्हणाले बरं वाटेपर्यंत घरीच थांबा. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, दोष काहीच नाही म्हणाले.

परत आले तर जिन्यातच आईचं हसणं ऐकू आलं. दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या. मी आत पाऊल टाकलं तशी ती कोपऱ्यातून म्हणाली, आई, ती मुकी बाई आलीय बघ, काम करते, तिला त्रास देऊ नकोस. आई माझ्या दिशेने तोंड करून, परक्याशी बोलावं तसं, चपला बाहेर काढा म्हणाली.

रविवार, १७

वायरमनला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं की मोजमाप पुन्हा करा, जुनं सगळं पुसलं जाईल. जीव भांड्यात पडला. दुपारी आई आत झोपली तेव्हा माइक सोफ्यावर ठेवला आणि श्वास रोखून बसले. पुढचे तीन झाले. मागचा डावा झाला. मागचा उजवा फुसफुसायला लागला आणि आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, ठमे, हा कसला आवाज.

तिला गप्प कसं करणार. मी धावले, तिच्या तोंडावर हात ठेवला, पण

मोजमाप पूर्ण.

मंगळवार, १९

माझा आवाज डाव्या कोपऱ्यातच राहिला, आणि आता आईचा आवाज मागच्या उजव्या कोपऱ्यातून येतो. तिचे ओठ नुसते हलतात.

सगळ्या वायरी कापल्या. रिसीव्हरचा दिवा विझला. त्या दोघी बोलतच आहेत. आज काय हवा पडलीय गं. हो ना गं. अशाच. दिवसभर.

बुधवार, २०

आई बिछान्यावर स्वतःचं बोलणं ऐकत बसून राहते. सकाळी तिने माझा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटीवरचा व्रण. मग दोन्ही हातांनी धरून ठेवला, कितीतरी वेळ. ओळखलं तिने. आम्ही दोघी रडलो, आवाज कुणाचाच नाही.

तिला घेऊन बाहेर पडायला निघाले. उंबऱ्यावर ती थांबली. माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं — मी आत राहिले.

ओढत नेलं तर बसूनच घेतलं.

दादाला मेसेज केला. लांब राहतो, पण डोळ्यांनी पाहील. बोलू नकोस, ये फक्त.

गुरुवार, २१

दादाचाच फोन. मी उचलला, आईला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. मी काही करायच्या आत कोपऱ्यांनी उत्तर दिलं. आधी डावा, माझ्या आवाजात, अरे काही नाही रे, मस्करी केली मी. आई ठणठणीत आहे, बोल तिच्याशी. मग उजवा आईच्या आवाजात बोलला. तो हसला. म्हणाला तरीपण येतोच, आईचा आवाज ऐकून राहवत नाही.

तो बोलत असताना पुढच्या डाव्या स्पीकरमधून — फुस्स.

वायर कापलेली. माइक मी कधीच फेकून दिलाय.

शुक्रवार, २२

येऊ नकोस म्हणून लिहिलं. परत लिहिलं. परत. उत्तर आलं — ठमे, ये म्हणतेस, येऊ नको म्हणतेस, वेड लागलंय का. गाडीत बसलोय.

त्या दोघी त्याला काय आवडतं ते ठरवतायत.

शनिवार, २३

आईने माझा हात घट्ट धरलाय. तिलाही ऐकू येतंय.

जिन्यावर पावलं — दादाची, तशीच दोन-दोन पायऱ्या घेत — पण जिन्यातून नाही. खिडकीतून वाकून पाहिलं, तो अजून खाली फाटकाशी आहे, बॅग खांद्यावर, वर बघून हसतोय, हात हलवतोय — तोंड उघडून काहीतरी म्हणाला — खालून काहीच नाही आलं. आलं ते पुढच्या डाव्या स्पीकरमधून.

मी खाली जाऊन त्याला तिथेच अडवते.