टोपी न घालणाऱ्यांची रांग

कुरिंगा
२ मार्च

प्रिय कोराली,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. आईला पोचवून आल्यापासून आपण एकमेकींना नाताळचं कार्डसुद्धा धाडलेलं नाही. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, गहू बरा झाला, कोंबड्यांनी उन्हापायी अंडी द्यायचं सोडलंय. होबार्टच्या थंडाव्यात तुझी चैन असेल.

मी अजून शाळेतच मदतनीस आहे. तिथे हल्ली एकच विषय, ऑटिझम. अ‍ॅडलेडहून डॉक्टरबाई येतात आणि दर खेपेला आणखी दोन-तीन मुलांचं निदान करून जातात. एवढ्याशा गावात एवढी मुलं! पबवाला म्हणतो, "पाण्यातच काहीतरी आहे, तुम्ही आपली बीअर प्या." बेकरीवाली म्हणते, "बाई गोळ्या-बिस्किटं वाटावीत तशी निदानं वाटते." मुख्याध्यापक म्हणतात, अशी मुलं पूर्वीही होती, बघत कोणी नव्हतं. मला ते पटतं, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो.

तू गेल्यावर शाळेत उन्हासाठी नियम आला, टोपी नाही तर खेळ नाही. टोपी विसरलेल्याने मधल्या सुट्टीत शेडखाली भिंतीला टेकून बसायचं. यंदा विसरणारे रोज वाढायला लागले. मी खूप रागावले. मग एक दप्तर उघडलं, तर टोपी तळाशी नीट घडी घालून ठेवलेली. विसरत कोणीच नव्हतं.

ही मुलं बोलत नाहीत, भांडत नाहीत. सगळ्यांची तोंडं गव्हाच्या कोठाराकडे. कोठारावरचा पोपटांचा थवा कलकलाट करत उडतो ना, त्याच्या आधी सगळी एकदम कान झाकतात. आधी, कोराली. आणि डॉक्टरबाई एकेक करून याच रांगेतली नावं सांगतात.

ते दप्तर टेगनचं होतं, माझ्या नातीचं. वर्गात तिने बोलणं जवळजवळ टाकलंय. डॉक्टरबाई ईस्टरआधी येतील, पण बापाच्या होकाराशिवाय तिला तपासणार नाहीत, आणि निदानाशिवाय तिला वर्गात स्वतःची मदतनीस मिळणार नाही. माझा डॅरन ऐकत नाही. "माझ्या पोरीला काही झालेलं नाही, आई. टोपी घाल आणि पिटाळ तिला मैदानात."

मी पिटाळलं. भर उन्हात, टोपी डोळ्यांवर ओढून, ती घंटा होईपर्यंत जागची हलली नाही. रांगेतली सगळी मुलं त्या दिवशी कोठार सोडून माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मीच माझी टोपी काढली. रांगेत एक जागा कायम रिकामी असायची. मला वाटायचं, नवीन येणाऱ्या मुलाची असेल. टेगन म्हणाली, "ही तुझीच होती, नॅन." मी बसले. आणि थवा उडायच्या आधी माझेच हात कानांवर गेले.

थवा उडायच्या आधी कोठाराच्या पत्र्यात होते ती बारीक कुरकुर मला लहानपणापासून ऐकू येते. तुलाही यायची. तू कान झाकलेस की आई तुझे हात ओढून खाली करायची. ते बघून मी माझे हात खिशात ठेवायला शिकले. गावाने तुला चक्रम ठरवलं आणि तू निघून गेलीस. मी शहाणी म्हणून इथेच राहिले.

डॅरन न्यायला आला तेव्हा मी रांगेतच होते. "ऊठ आई, लोक बघतायत," म्हणाला. आवाज थेट आपल्या आईचा. माझं तो ऐकणार नाही. तू ये. हात ओढून खाली केले की माणसाचं काय होतं, ते तुझ्याइतकं कोण सांगेल त्याला?

आज मुलं थोडी सरकून बसली होती. माझ्या शेजारी पुन्हा एक जागा रिकामी. कोणाची, म्हणून विचारलं. टेगन म्हणाली, "लांबच्या आजीची. ती पण कान झाकते."

आमच्या घरात तुझं नाव कधीच निघालेलं नाही, कोराली.

जागा धरून ठेवली आहे.

तुझी धाकटी,
रेलीन