सागोच्या दलदलीतलं विमान

११ मे, रविवार

विमान आहे! पिंप नाही, पाइप नाही — विमान.

सागोच्या माडाचं खोड तोडताना कुऱ्हाड टणकन वाजली. हातांनी चिखल उपसला तर खाली पत्रा, पुढे पंख, पंखावर लाल गोळा. जपान्यांचं. लढाईपासून हे खाली पडून आहे आणि मी तीस वर्षं वर सागोचा गर कुटतोय! माझी बायको हेडविग असती तर म्हणाली असती, “चिखल खाणाऱ्याला चिखलातच मिळायचं.” तिच्या माणसांना अळकुडीशिवाय घास उतरत नाही. सागो त्यांच्या लेखी डुकराचं खाणं. मी पडलो सेपिक नदीकाठचा, मला सागोशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत कुणीच फिरकलं नाही. शेवटी कुत्र्याला सांगितलं.

१४ मे

अख्खं गाव लोटलंय. इतकी वर्षं या दलदलीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आज ओढ्यापलीकडचा पायस येतो आणि म्हणतो, “आमच्या आजोबांची डुकरं इथे लोळायची. जमीन आमची.” आयत्या बिळावर नागोबा! मी म्हटलं, “डुकरांनी सांगितलं का तुला?” कुणी हसलं नाही. हेडविग हसली असती.

तांबूही आला. हेडविगचा भाऊ. त्याचं नाव लिहीत नाही. सासरच्या माणसाचं नाव तोंडून काढायचं नाही, ही सासूबाईंची लग्नाच्या दिवशीची पहिली ताकीद. तोही माझं घेत नाही. दोघंही एकमेकांना नुसतं “तांबू” म्हणतो, म्हणजे सोयरा. वहीत कोण बघतंय? पण हात वळत नाही.

तिच्या वर्षाच्या जेवणानंतर तो आज पहिल्यांदा माझ्या अंगणात आला. त्या दिवशी म्हणाला होता, “तांबू, आता तुझ्या नदीकडे जायचं बघ.” मी गेलो नाही. तिकडे कोण आहे माझं? हेडविग इथे पुरलेली आहे. मला तिच्या शेजारची जागा हवी. बाकी काही नको. जमीन तिच्या माणसांची, म्हणजे हो म्हणणं त्याच्या हातात. पण तो विमान बघून तसाच परत गेला.

१९ मे

पाऊस. कुणी नाही. चुना संपलाय, सुपारी नुसतीच चघळली.

२७ मे

दोन पाहुणे. ब्रेट नावाचा ऑस्ट्रेलियन — जुनी विमानं गोळा करतो. पत्र्यावरून असा हात फिरवत होता की जणू स्वतःचं पोर सापडलंय. “उचलून नेतो. गावाला होडीचं इंजिन देतो.” दुसरे राजधानी मोर्सबीहून आलेले, संग्रहालयाचे गावेरा साहेब. ते म्हणाले, “लढाईत पडलेलं सगळं सरकारचं. विकायचं नाही, न्यायचं नाही.”

पायस उसळला. “सरकारचं? मग पडलं तेव्हा सरकार कुठे होतं? झाडावर?”

खूप आरडाओरडा झाला. शेवटी गावेरांनी तोड काढली. मालकी सरकारची, पण ज्याची दलदल त्याच्या अंगणात विमान राहील. बघायला येणाऱ्यांकडून तो घेईल ते त्याचं. दलदल कुणाची, ते शनिवारी, सात जूनला, सगळ्यांसमोर ठरवायचं. ब्रेट तोंड पाडून गेला. बिचारा! मला त्याचं वाईट वाटलं. दुसऱ्यांच्या जमिनीत जीव अडकवून बसलेला.

३ जून

तांबू आला! हातात अळकुड्या. पायरीवर बसला.

“तांबू, दलदलीत सागो तोडायला तुला कुणी सांगितलं होतं?”

“तूच की.”

“शनिवारी तेवढंच सांग. आपलं होतं म्हणून तर तुला दिलं ना?”

मग मी धीर करून जागेचं काढलं. तो म्हणाला, “बघू. आधी शनिवार होऊ दे.”

नाही म्हणाला नाही! आज दोन ताटल्या घासल्या.

७ जून

झालं ते लिहून टाकतो.

चर्चच्या अंगणात सगळे. गावेरांनी टेप लावला. मला पुढे बोलावून विचारलं, “दलदल कुणी दिली?”

मी तांबूकडे बोट केलं.

“बोट टेपवर येत नाही. नाव सांगा.”

एरवी असा प्रसंग आला की शेजारचा कुणीतरी नाव सांगतो आणि माणूस सुटतो. आज गावेरा म्हणाले, साक्ष ज्याची, नाव त्याच्याच तोंडून. मी मूग गिळून उभा. पायसची माणसं फिदीफिदी हसायला लागली. “सेपिकची वाचा बसली रे!”

तेव्हा तांबूच उठला. “बाई गेली. तिचं जेवणही घालून झालं. आता तू कुणाचा तांबू? घे नाव!” म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. चालतं म्हणे. नातं संपलं की तोंड मोकळं.

म्हणजे नाव घेतलं की नातं संपलं, हे मी माझ्याच तोंडानं सांगायचं! मग कुठल्या तोंडानं तिच्या शेजारी जागा मागू? तीन अक्षरी नाव आहे. जिभेवर आलं होतं. नाही घेतलं.

गावेरांनी दोनदा विचारलं. मग टेप बंद केला. दलदल पायसची ठरली, विमान त्याच्या अंगणात जाणार. तांबू माझ्या अंगावरून निघून गेला. 

८ जून

प्रार्थनेला माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. माझं चुकलं का? हेडविग, तूच सांग ना ग.

१२ जून

स्कोला आली होती, तांबूची मुलगी. पानात बांधलेल्या गरम अळकुड्या, नारळाचं दूध घातलेल्या. “बाबांनी पाठवल्यात. उद्या घरी या म्हणाले.”

म्हणजे कळलं त्याला! मी गप्प का राहिलो ते कळलं. राग तरी किती दिवस धरणार? उद्या जागेचं नीट बोलतो. मला तिच्या डाव्या बाजूची चालेल, उजवीकडे मुळं फार आहेत. सदरा धुऊन वाळत घातलाय.

१३ जून

ओट्यावर सगळं घर जमलं होतं. मी पायरीशी पोचलो. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, “ये लिनस, बस.”

हेडविग गेल्यापासून माझं हे नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. किती शांतपणे म्हणाला!

सुपारी दिली, चुना पुढे केला. पाहुण्याला करतात तसा. मी जागेचं काही विचारलं नाही.