सैदची गाडी

६ नोव्हेंबर ९८, सलालाह
शुक्रवार असून अर्बाब, आमचा मालक, सकाळीच वर्कशॉपवर. सैदसाठी हातगाडी हवी. दोन चाकी, एकट्याला ओढता यावी, आवाज नको. मासळीच्या गाडीचा कसला आलाय आवाज? बंदरावर सगळे मासळीलाच सैद म्हणतात. असो. सुट्टीचं विचारलं. गाडी खलास, मग पासपोर्ट, म्हणाला. बायकोचे दिवस भरत आलेत. लागा कामाला.

९ नोव्हें.
अँगलचा सांगाडा, तळाला पत्रा. भंगारातली मोटरसायकलची चाकं, वाळूत रुतू नयेत म्हणून रुंद टायर. तळाला भोकं पाडली, मासळीचं पाणी गळून जायला हवं ना. जन्म बंदरावर गेलाय आपला. स्वतःवरच खूश.

११ नोव्हें.
अर्बाबने ओढून बघितली. चाकं पसंत. मग वाकून भोकात बोट घातलं. "ये बंद करो. दम." म्हटलं, बरं बाबा, धरतो दम. ग्रिलचं काम घेतलं हातात.

१३ नोव्हें.
अर्बाब भडकला, भोकं अजून तशीच का म्हणून. खोलीतल्या हनीफभाईंना सांगितलं. रत्नागिरीचे, अरबी अस्खलित. आधी पोट धरून हसले, मग उठून दार लावून आले.
"अरे, दम म्हंजे रगत. वाटेवर सांडू नये म्हणून सांगतोय तो. आणि सैद म्हंजे नुसती मासळी नाय. शिकार पण."
हरणं! डोंगरापलीकडची. बंदी आहे, सापडले तर थेट जेल. अर्बाब सुटेल कसातरी. मी? स्वतःचाच राग येतोय. मासळी, म्हणे.

१५ नोव्हें.
हनीफभाई म्हणतात, "तू गाडी केलीस, बंदूक नाय." खरंय. पण माझं वेल्डिंग इथला कुणीही ओळखेल. नाही म्हणावं तर पासपोर्ट त्याच्या कपाटात. तिकडे ती वाट बघतेय. जेवण जात नाही.

१७ नोव्हें.
भोकं बुजवली. पाणी ओतून पाहिलं, एक्सलजवळ एक गळत होतं. रॉड हातातच होता. तेवढ्यात अर्बाब पिकअप घेऊन हजर. यल्ला, यल्ला, नुसती घाई. गाडी चढवली, पासपोर्ट दिला, इन्शाल्ला मुलगा होईल म्हणाला. फार प्रेमाने म्हणाला.
त्या राहिलेल्या भोकाचं बोललो नाही. विसरलो नव्हतो. का नाही बोललो, ते

१८ नोव्हें.
तिकीट झालं, शुक्रवार संध्याकाळचं. हनीफभाईंना बाहेर कळलं, अर्बाबची मंडळी उद्या गुरुवारी शिकारीला निघतायत.
बॅग दोनदा भरली, दोनदा उपसली. बाळासाठी घेतलेलं झबलं सापडत नव्हतं, खिशातच होतं. त्यांना हरिण मिळू नये, असं मनापासून वाटतंय. आणि मिळालंच, तर शुक्रवारपर्यंत कुणी वाटेवरच्या थेंबांकडे बघू नये.