सावकाश वाचलेली ताकीद

यॉर्क नदीकाठ, व्हर्जिनिया
९ डिसेंबर १७६३

प्रिय लेटिसताई,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. तंबाखू पिंपांत भरून झाला, डुकरं कापून मिठात घातली. पोरांचा खोकला गेला.

तू मिंगोकडची औषधी मुळ्यांची पूड मागितली आहेस. ती आता मिळणार नाही. मागच्या शुक्रवारी त्याला फाशी झाली.

त्याचा मालक म्हणजे आपला शेजारी कार्लाइल. त्याची बायको तापानं गेली, आणि त्याआधी मिंगोनं तिला काढा दिला होता. मालकाला न विचारता गुलामानं औषध देणं हा आपल्याकडे फाशीचा गुन्हा. हेतू वाईट नव्हता असं दिसलं, तर मात्र हातावर डाग देऊन सोडता येतं. काढा बाईंनीच मागितला होता. आमची स्वयंपाकीण ॲगी तेव्हा तिथे सूप घेऊन गेली होती. तिनं ते ऐकलं आणि घरी येऊन मला सांगितलं.

अशा खटल्यांना ज्युरी नसते, आम्ही शेजारीच न्यायाधीश. गुलाम साक्षीदाराला आधी ताकीद द्यायची असते: खोटं बोललीस तर एक कान खांबाला ठोकू, तासाभरानं कापू, मग दुसरा, मग चाबूक. बाकीचे ती पुटपुटून उरकतात. ॲगी साक्षीला आली, तेव्हा मी ती सावकाश वाचायला घेतली.

"कॉलेजवाले, आवरा आता. तिकडे बदक निवतंय," शेजारच्या खुर्चीतून कोणीतरी म्हणालं.

मी शेवटपर्यंत वाचली, तिला नीट कळावी म्हणून. ॲगीनं समोर बसलेल्या कार्लाइलकडे पाहिलं. "मी काही ऐकलं नाही, साहेब."

न्यायाधीशानं साक्षीदार होऊ नये, असं मी मनाशी म्हणालो. तसा नियम मला अजून कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही. तुझ्या धाकटीला मिंगोनंच वाचवलं होतं, हेही मी बोललो नाही. निकाल एकमतानं झाला.

काल ॲगीला विचारलं, "मी असताना तुझ्या कानाला कोणी हात लावला असता का गं?"

ती पीठ मळत राहिली. "वाचणारे तुम्हीच होतात, मालक."

घरात संध्याकाळचं बायबल मीच वाचतो. आता पहिल्या ओळीलाच दाराशी उभ्या असलेल्या गुलामांचे हात कानांकडे जातात. किंवा मला तसं दिसतं. बायकोला विचारलं, ती म्हणते, कोणी हललंसुद्धा नाही.

नाताळात तुझ्याकडे येईन. मला काही वाचायला सांगू नकोस.

तुझा भाऊ,
थिओडोरिक