सोडियम काही देत नाही

सिस्टर, मी नववीत होते. त्या दुपारी कॉन्व्हेंट शाळा सुटल्यावर आपण दोघी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो. मी धुवायची, तुम्ही पुसायच्या. मैत्रिणीला माझा नवा कंपास द्यायला मी नाही म्हटलं होतं, ते तुमच्या कानावर आलेलं. तुम्ही रागावला नाहीत. नळी उजेडात धरून एवढंच म्हणालात, “सोडियम बघ. आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतं आणि शांत होतं. तू पण तशी हो.” दुसऱ्या दिवशी मी कंपास देऊन टाकला. मग देतच राहिले. भावाच्या शिक्षणासाठी माझं नागपूरचं पुढचं शिक्षण सोडलं, आईच्या पाटल्या वहिनीला दिल्या. रसायनशास्त्राची शिक्षिका झाले आणि वर्गातही तुमचीच गोष्ट सांगत राहिले.

परवा डोणगावहून भाऊ आला. चहा पिता पिता म्हणाला, “ताई, तू आता या महिन्यात रिटायर होऊन राह्यली. चिखलीत एकटीले दोन खोल्या कायले लागतात? माह्या पोराले तिथं क्लास काढू दे. तू आमच्याकडं राहाले ये.” सवयीने मी हो म्हणून गेले. रात्रभर स्वतःवर चिडले.

सकाळी वर्गात उंद्रीची एक मुलगी उठली. “मॅडम, सोडियमले काय गरज पडली हो देऊन टाकाची? मांगल्याबिगर कोनी देते का?” मागून एक पोरगा ओरडला, “इच्या घरी साखर मांगाले जाऊ नका बे!” सगळे हसले. मी “त्याला स्थिर व्हायचं असतं” म्हणाले आणि थांबले. कारण सोडियम काही देत नाही. त्याचा इलेक्ट्रॉन ओढून काढावा लागतो, त्यासाठी ऊर्जा लागते. क्लोरीनने तो घेतल्यावर सुटते त्याहूनही जास्त. पुढे विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना ओढून मिठाच्या स्फटिकात रचले जातात, तेव्हा कुठे ती तूट भरून निघते. यात दानत कुठे आहे? तुम्हाला हे माहीत होतं, सिस्टर. मलाही कॉलेजात कळलं होतं. तरी ती गोष्ट मी कशाला धरून ठेवली?

भावाला अजून फोन केलेला नाही. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून आधी इथे लिहिते. पितळी डबे वहिनीला. पुस्तकांचं कपाट त्या उंद्रीच्या मुलीला. क्लाससाठी भाच्याला माझा फळा. दोन खोल्या कोणालाही नाहीत, त्यांत मीच राहणार आहे.

बघा, डबे, कपाट, फळा कोणी मागितलेसुद्धा नव्हते.