सीट खाली कोण करतं?

४ नोव्हेंबर, मंगळवार

सीट पुन्हा खाली! चार बोटं तरी. पहाटे अंधारात टांग टाकली आणि गुडघे थेट हनुवटीला. सर्कशीतलं अस्वल दिसत असणार मी. पाम गावच्या नाक्यावरची कुत्री रोज मागे लागतात, आज नुसती बघत राहिली.

मी कामाला कंपनीच्या बसने जाते, सायकल दिवसभर ओटीवर. म्हणजे दिवसा कुणीतरी हात लावतं. घरात माणसं तीन. मी — लॅबमध्ये, बाटल्या हलवत. आई — सकाळी नवापूरच्या किनाऱ्यावरून मासळी उचलायची, बोईसरच्या बाजारात विकायची, दुपारी घरी. बाबा — खांदा गेल्यावर बोट सुटली, आता रात्रपाळीचे वॉचमन, दुपारपर्यंत झोपलेले. तपास संपला! बाबा माझ्या सायकलवरून ताडी प्यायला जातात.

विचारलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हां, मीच नेलती." लगेच कबूल! पोलिसांनासुद्धा असा चोर मिळत नाही. आईने मान वर केली नाही, चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

सहा फुटी माणसाला सीट खाली का करावी लागते, एवढाच प्रश्न उरतो. ताडीचा महिमा असावा.

९ नोव्हेंबर, रविवार

आमच्या 'पेडल पलटणी'ची आज वाघोबा खिंडीवर स्वारी. सेनापती मेहुल — बोईसरात त्याचं सायकलचं दुकान, त्यामुळे सेनापतीपद आपोआप. पलटणीत दहा जण. त्यातले सहा चढाईत ढकलत आले. फोटो काढायच्या वेळी मात्र दहाच्या दहा सीटवर!

खिंडीत वाघोबाच्या देवळापाशी सगळे थांबलो. ट्रकवालेही इथे हॉर्न देऊन जातात, मग आम्ही कोण मोठे लागून गेलो? मी घंटी वाजवली, हात जोडले. उतारावर वारा लागला आणि आठवडाभराची लॅब डोक्यातून गेली. हे एक मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. मला त्या उतारावर बरं वाटतं. बस.

मेहुलने वडापाव खात घोषणा केली. ७ डिसेंबरला घाटचढाईची शर्यत. महिला गटात मी आणि डॉक्टर सलोनी, दोघीच. म्हणजे दुसरा क्रमांक आत्ताच खिशात.

घरी आल्यावर आई : "एवढी दमून आलीस, आनलंस काय? मी जाते तर चार बोंबील तरी आनते."

१२ नोव्हेंबर

पेडलवर माशाचा खवला. हँडलला बांगड्याचा वास. आईला म्हटलं, ताडीबरोबर चखणापण सुरू झाला वाटतं. ती म्हणाली, "घरच मासलीचं हाय. हँडलला अत्तर लावू का?"

जीभ कुणावर गेली माझी, ते कळलं का आता?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईने आज मासे साफ करता करता विचारलं, "ब्रेक दोन कशाला गं?"

"एक तुला, एक मला."

हसली नाही. "नाय, सांग ना. पुढचा दाबला तर मानूस पडतो काय?"

"जोरात दाबला तर तोंडावर. बाबांना सांग, ताडी पिऊन मागचाच दाबा."

आईला कधीपासून यंत्रशास्त्राची गोडी लागली कोण जाणे. गेली सहा वर्षं मिक्सरला हात लावत नाही, शॉक बसेल म्हणून.

१६ नोव्हेंबर

आईचं कोपर खरचटलंय. "ओटीवर घसरले." त्या ओटीवर तीस वर्षं कुणी घसरलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

स्थळ आलं! चिंचणीचा निमेश. पालघरला कारकून, आपल्यातलाच, घरची बोट. फोटोत असा उभा आहे की आधारकार्डातून कापून काढलाय. बघायला कधी येणार? ७ डिसेंबर. पंचांगात दुसरा रविवार नव्हताच!

मी आकाशपाताळ एक केलं. वाटलं होतं आई म्हणेल, शर्यत गेली खड्ड्यात. पण नाही. शांतपणे म्हणाली, "शर्यत कर. त्यांना मी चारला बोलावते. फक्त एक ऐक. सायकल सासरी न्यायची नाय."

"का?"

"नाय म्हंजे नाय. ती हितंच र्‍हाईल."

माझ्या पगारातून घेतलेली सायकल! कळलं मला. कोळ्याच्या घरची सून चड्डी घालून घाट चढते, हे चिंचणीत दिसायला नको. आई, बाजारात चार पुरुषांना शिव्या देऊन गिऱ्हाईक ओढणारी तू, आणि तुला लाज माझ्या सायकलची? बोलले नाही तिला. इथे लिहिते. नवरा गेला उडत, पण सायकल मी सोडणार नाही.

२१ नोव्हेंबर

आई अडीचला घरी आली म्हणे. बाजार बारालाच उठतो. "गप्पा मारत बसतेस," म्हटलं. "रिक्षा मिलाली नाय लवकर," म्हणाली. रात्री गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसली होती. रिक्षात बसून पाय दुखतात — नवीनच रोग निघाला. लॅबमध्ये सांगायला हवं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सीट खाली. कुलूप घेतलं!

२४ नोव्हेंबर

बाबा : "किल्ली कुठं ठेवलीस?"

मी : "ताडीवाल्याकडे."

नुसते उभे राहिले, दाराला हात लावून. एवढा मोठा माणूस, खांदा एका बाजूला उतरलेला. बोटीवर होते तेव्हा यांच्या आवाजाने आम्ही घाबरायचो. आता मुलीकडे किल्ली मागतात आणि नाही मिळाली तर गप्प राहतात. शेवटी मीच किल्ली खिळ्याला अडकवली. प्या बाबा, माझ्या सायकलवरून प्या.

३० नोव्हेंबर, रविवार

आज रडायचीच बाकी राहिले. शर्यत आठवड्यावर, आणि बाबांनी प्रेमाने चेनला ग्रीस लावलं! बोटीच्या इंजिनाचं, काळंकुट्ट, ओंजळभर. त्यात वाळू बसलेली. पेडल मारलं की कुणीतरी पापड खातंय असा आवाज. वर घंटी मोडलेली, ती जाळ्याच्या दोऱ्याने बांधून ठेवलेली. गाठ अशी की वादळात बोट सुटणार नाही. घंटी मात्र वाजत नाही.

"करकरत होती म्हनून लावलं," बाबा म्हणाले. "बोटीला तेच लावतात."

"ही बोट आहे का, बाबा?"

"नाय. पन करकर तर गेली ना?"

आणि वाळू कुठून आली? ताडीचा गुत्ता आता समुद्रावर हलवलाय का? आई आतून म्हणाली, "ओरडू नको त्यांच्यावर. घंटी माझ्या हातनं मोडली, धुताना." धुताना! म्हणजे दोघं मिळून माझी सायकल धुतात, ग्रीस लावतात, घंट्या मोडतात. शर्यतीआधीच निकाल लावायचा घाट दिसतोय.

मेहुलने रॉकेलने चेन धुतली. दोन तास. दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघून मान हलवत होता.

७ डिसेंबर, रविवार. रात्री

आधी शर्यत. दुसरी आले. शेवटूनही पहिली! डॉक्टर सलोनी माझी वाट बघून कंटाळली आणि वरून खाली पाणी घेऊन आली. वाळूचे दोन कण चेनमध्ये राहिलेच होते, खिंडीच्या शेवटच्या वळणावर चेन उतरली. हातानं चढवली, काळ्या हातांनी पेडल मारत वर गेले. वाघोबाला काळे हात जोडले. पदक मिळालं. प्लास्टिकचं असलं तरी पदकच.

मग दुसरी शर्यत. चार वाजता चिंचणीकर हजर. माझ्या नखांतलं ग्रीस गेलं नव्हतं, तशीच सरबत घेऊन गेले. निमेश फोटोपेक्षा बरा. हातांकडे बघून म्हणाला, "चेन उतरली होती का?" पहिल्यांदाच बघायला आलेल्या माणसाने मला काहीतरी खरं विचारलं. मी "हो" म्हणाले आणि हसू आलं.

त्याच्या आईने ओटीवर बघितलं. "सायकल चालवते म्हणे. लग्नानंतर कसं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "सायकल हितंच र्‍हानार. ती येनार नाय तिच्यासंगती." केवढी घाई! जसं काही माझ्यात खोट आहे आणि ती आधीच कापून ठेवलीय. बाबा जमिनीकडे बघत होते. मला इतका राग आला की अर्धे भरलेले ग्लास उचलून सरळ आत गेले.

८ डिसेंबर, सोमवार

सायकल मेहुलच्या दुकानात नेऊन ठेवली. दुरुस्तीला, म्हणून सांगितलं. खरं म्हणजे लपवायला. आता ना ताडी, ना धुणं, ना ग्रीस. आणि सासरी न्यायची वेळ आली तर दुकानातूनच थेट नेईन.

संध्याकाळी आई ओटीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभी होती. "कदी येनार परत?"

"माहीत नाही."

"बराच बिघाड हाय काय?"

"हो. बराच."

मस्त वाटलं. खोटं कशाला बोलू?

९ डिसेंबर

आई अर्ध्या ताटावरून उठली. बाबाही. नाटक कंपनी.

१० डिसेंबर, बुधवार

आज बस पंक्चर. तासभर उशिरा निघालो. पाम सोडून पुढे आलो आणि खिडकीतून आई दिसली. डोक्यावर टोपली, पदर कमरेला, रस्त्याच्या कडेने चालत. मला आधी वाटलं, रिक्षा बिघडली असेल. मागून एक शेअर रिक्षा आली. आईने हात केला. रिक्षावाल्याने वेग कमी केला, टोपली बघितली, पुढे गेला. रिक्षा अर्धी रिकामी होती. आईने हात खाली घेतला आणि चालायला लागली. थांबलीसुद्धा नाही, रागावलीसुद्धा नाही. म्हणजे हे रोजचंच.

मी उठून ड्रायव्हरला म्हणाले, थांबवा, त्यांना घ्या. तो म्हणाला, "मच्छीवाली है मॅडम, पूरी बस में बदबू आएगी."

"माझी आई आहे ती."

बस थांबली. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मी उतरले. आईने मला बघितलं आणि पहिलं काय म्हणाली? "तू कशाला उतरलीस? पगार कापतील."

"कधीपासून चालतेस?"

"पावसापास्नं. नवीन रिक्षावालं टोपली घेत नाय. गिऱ्हाईक तक्रार करतं म्हनतात. तू नको मनाला लावून घेऊ, वास तर येतोच ना."

मी टोपली मागितली. दिली नाही. "तुला सवय नाय, मान मोडेल." मग मी तिच्या बाजूने बोईसरपर्यंत चालले, मोकळे हात हलवत. घाट चढणारी मी! माझे तळवे पेटले. ती वाटेत एकदाही टेकली नाही. मिठाच्या पाण्यातले तिचे पाय मला रस्ताभर दिसत होते. आणि माझा विनोद.

११ डिसेंबर, गुरुवार

बाबांना दुपारी उठवून विचारलं. ताडी नव्हतीच. महिना-दीड महिना रोज दुपारी ते वाळूत सीट धरून धावत होते आणि आई पेडल मारत होती. "वालूत पडलं तर लागत नाय," म्हणाले. "आता धरावं नाय लागत. टोपली बांधून जायचं म्हनते बाजारात. तू सासरी गेलीस की." मला का नाही सांगितलं? "तिनंच नको म्हनलं. तू हसशील म्हनून."

हसले असते.

मेहुलकडून सायकल आणली, मागे कॅरिअर बसवून. माउंटन बाईकला कॅरिअर! त्याला रडू यायचं बाकी होतं. ओटीवर उभी केली, किल्ली खिळ्याला लावली.

सीट आज मी खाली केली. चार बोटं.